‘ईसीएम गेलाय’ असे सांगून माझ्याकडून साडेचौदा हजार रुपये कसे घेतले गेले

मागच्या श्रावणात मुलीकडे बेंगळुरूला तीन आठवडे राहून आम्ही सांगलीला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात जायला खाली उतरलो, तर पार्किंगमधली आमची पेट्रोल गाडी रिमोटला दाद देईना. म्हणून दाराला चावी लावली, आणि दार उघडताच चोराची घंटा वाजावी तसा हॉर्न सुरू झाला. इग्निशन चालू केल्याबरोबर तो थांबला. पण स्टार्ट मारला की नुसता कट-कट आवाज येई आणि समोरचे दिवे मंद होत.

या चार-पाच वाक्यांतच सगळे निदान होते, हे मला दोन महिन्यांनी कळले. रिमोटमधला बटणासारखा सेल संपला होता. गाडी रिमोटने लॉक केली होती आणि दार मात्र चावीने उघडले, म्हणून अलार्म वाजला. इग्निशन चालू करताच तो थांबला, याचा अर्थ गाडीने चावी ओळखली होती. कारण चावीच्या डोक्यात रिमोटखेरीज एक छोटी चिप असते, तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून तिला पुरेशी वीज मिळते आणि ती आपला क्रमांक गाडीला कळवते. कट-कट आवाज आणि मंद होणारे दिवे म्हणजे उतरलेली बॅटरी, दुसरे काही नाही. तीन आठवडे उभ्या असलेल्या गाडीची चार वर्षांची बॅटरी उतरणे यात नवल नव्हते.

पण त्या वेळी मी घाबरलो, आणि ओळखीच्या ओळखीतून कळलेल्या एका फिरत्या ऑटो इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो अर्ध्या तासात आला. बोलायला गोड, हातात छोटा स्कॅनर. त्याने दुसऱ्या बॅटरीवरून केबल लावण्याची तयारी केली आणि म्हणाला, “काका, चावी द्या, सेल बदलून देतो.” चावी घेऊन तो आपल्या दुचाकीच्या डिकीपाशी गेला, पाच-सात मिनिटे माझ्याकडे पाठ करून बसला, आणि परत आल्यावर केबल लावून त्याने स्टार्ट मारला.

आता लक्षण बदलले होते. स्टार्टर जोमाने फिरत होता, इंजिन क्षणभर पेट घेई आणि लगेच बंद पडे, आणि समोर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत होता. सकाळी स्टार्टरच फिरत नव्हता. आता स्टार्टर फिरतो, पण इंजिन टिकत नाही. पहिला दोष बॅटरीचा असतो, दुसरा बहुतेक वेळा इमोबिलायझरचा, म्हणजे अनोळखी चावी दिसल्यावर इंधन किंवा ठिणगी रोखणाऱ्या यंत्रणेचा. एक दोष दुरुस्त होता होता तेथे दुसराच दोष कसा आला, हा प्रश्न मला त्या जागी पडायला हवा होता. तो पडला नाही.

त्याने स्कॅनर जोडून मोबाइलवर कोड दाखवला आणि गंभीर चेहऱ्याने सांगितले की अलार्म वाजताना ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या डब्याला, झटका बसला आहे, नवा घ्यायचा तर चाळीस हजारांच्या पुढे जाईल, पण कोल्हापूरला एक जण दुरुस्त करून देतो. मी म्हणालो, घरात दुसरी चावी आहे, ती लावून पाहू का? त्यावर तो चटकन म्हणाला, “नको काका, आता दुसरी चावी लावली तर सिस्टीम कायमची लॉक होईल.” हे धादांत खोटे होते. गाडीत नोंद असलेली मूळ चावी लावल्याने काहीही बिघडत नाही. उलट दोष चावीत आहे की गाडीत, हे ठरवण्याची तीच सर्वांत स्वस्त परीक्षा आहे.

तो पिशवीत एक काळा डबा घेऊन गेला. तो माझ्याच गाडीतून निघाला का, हे मी पाहिले नाही. चावीही त्याने ‘मॅचिंगसाठी’ नेली. तिसऱ्या दिवशी आला, तासाभरात गाडी सुरू करून दिली, आणि १८,००० वरून घासाघीस करून १४,५०० रुपये यूपीआयने घेतले. बिल मागितले तर “बिल घेतलं तर जीएसटी लागेल” हे नेहमीचे उत्तर मिळाले, आणि मीही गप्प बसलो. नव्या बॅटरीचे पैसे वेगळे. ती वॉरंटी कार्डासह मिळाली, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

दिवाळीपूर्वी सर्व्हिसिंगला गाडी नेली तेव्हा ही हकीकत सहज सांगितली. तेथील तंत्रज्ञाने विचारले की ईसीएमच्या दुरुस्तीनंतर दुसरी चावी चालते का? चालत होती. मग त्याने बॉनेट उघडून दाखवले: ईसीएमच्या बोल्टांवर कारखान्यातली रंगाची खूण जशीच्या तशी होती, आणि बोल्ट एकदा जरी फिरवला असता तरी ती तुटली असती. शिवाय माझ्या गाडीत चाव्यांची नोंद ईसीएममध्येच असते; डबा बदलला असता तर घरात पडून असलेली चावी पुन्हा नोंदवल्याशिवाय चाललीच नसती. त्या दिवशी मी मोबाइलच्या पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. त्यावरचा कोड होता पी०५१३, म्हणजे चुकीची चावी. ईसीएमच्या आतल्या बिघाडाचे कोड पी०६०१ किंवा पी०६०६ असे असतात. मी नेलेल्या चावीच्या जोडावर स्क्रूड्रायव्हरने उचकटल्याचे ओरखडे होते, आणि चिपच्या खाचेत ताजा गोंद.

चिप काढताना मी त्याला डोळ्यांनी पाहिलेले नाही, एवढे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण त्याच्याकडे चावी जाईपर्यंत गाडी तिला ओळखत होती आणि परत आल्यावर ओळखेनाशी झाली, याचा दुसरा अर्थ मला लावता येत नाही.

म्हणून ज्यांच्या गाडीचा अलार्म असा अडून बसेल त्यांनी आधी आवाज ऐकावा, नंतर दुसरी चावी लावून पाहावी, आणि रिमोटचा सेल बदलायचा तर तो आपल्या डोळ्यांसमोर बदलून घ्यावा. बॅटरीचे व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर पुरतो: पूर्ण चार्ज बॅटरी बंद गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली गेली तर ईसीएमची चर्चाच करू नये. कोणी भाग बदलल्याचे सांगितले तर जुना भाग हातात मागावा आणि त्यावरचा क्रमांक पाहावा.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाण्याची तयारी केली आहे. बिल नाही, यूपीआयची नोंद, कोडचा फोटो आणि ओरखडे पडलेली चावी एवढेच पुरावे आहेत. ती चावी मी आता वापरत नाही, पाकिटात घालून ठेवली आहे.