डोंगरातलं छोटं कॉलेज: पहिलं वर्ष काढल्यानंतरचा अनुभव

बारावीचा निकाल लागला की वेल्हे, भोर, मुळशीकडची मुलं बॅगा भरून पुण्यात येतात. मी कोथरूडची, आणि गेले उलट्या दिशेने. तोरण्याच्या परिसरातल्या एका छोट्या कॉलेजात बी.ए.ला प्रवेश घेतला. फी परवडत होती, वसतिगृह मिळत होतं आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला निवांतपणा मिळेल असा हिशेब होता. एफ.वाय. आता पूर्ण झालं. निवांतपणा सोडून बाकी पुष्कळ मिळालं. कॉलेजचं नाव देत नाही, कारण अजून निदान दोन वर्षं मला तिथेच काढायची आहेत.

पहिला मुद्दा आकाराचा, बाकी सगळं त्यातूनच येतं. वर्गात आम्ही वीस-बावीस. मागच्या बाकावर जाऊन बसावं म्हटलं तर मागचा बाक म्हणजे चौथा. पुण्यात मी कायम प्रेक्षकांत असायचे. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, प्राथमिक फेरीला ५१ संघ असतात. मोठ्या ताईच्या कॉलेजसाठी भरत नाट्य मंदिरात ‘अरे, आव्वाज कुणाचा’ ओरडून मी घसा बसवून घ्यायचे, पण स्टेजवर आपण असू असं कधी मनातही आलं नाही. इथे निवडबिवड ही भानगडच नाही. कबड्डीला सात जणी लागतात, हाताशी आठ असतात आणि त्यातल्या एकीला नेमका ताप येतो. मी आंतरमहाविद्यालयीन सामन्यात कबड्डी खेळले आहे. हरलो, तेही जोरदार. आईला अजून खरं वाटत नाही.

दुसरं म्हणजे इथलं वेळापत्रक शेतावर चालतं. जुलैत वर्ग निम्मा रिकामा, कारण आवणी, म्हणजे भाताची लावणी. प्राध्यापकांना ते माहीत असतं. आमचे भूगोलाचे सर सरळ सांगतात, “आवणी उरकून या, पण इंटर्नलला दांडी चालणार नाही.” १०० गुणांच्या पेपरात ३० अंतर्गत आणि ७० लेखी, त्यामुळे ते ३० सोडून भागत नाही. पुण्याची म्हणून मला सुट्टीचं कारण नव्हतं, तर मैत्रीणच खाचरात घेऊन गेली. तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, मूठ डाव्या हातात, उजव्या हाताने तीन-चार काड्या सुट्या करायच्या, अंगठा आणि दोन बोटांनी चिखलात टेकवायच्या आणि मागे मागे सरकायचं. फार खोल खोचलं की फुटवा कमी येतो. तिची आजी बांधावरून बघत होती. म्हणाली, “अगं, लावतीस का पुरतीस?” दुपारपर्यंत पाठीचा काटा ढिला झाला होता. त्याच आठवड्यात वर्गात ‘सघन निर्वाह शेती’ हा भाग होता, आणि वर्गात सर सोडले तर तो विषय ज्यांना कळतो ते सगळे गैरहजर होते.

पावसाबद्दल आधीच सांगून ठेवते, कारण कोणी सांगत नाही. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत. चामड्याच्या चपला, पट्टे, पुस्तकांच्या पाठी, सगळ्याला बुरशी धरते. पेटीत कडुलिंबाचा वाळका पाला आणि कापूर ठेवा, लॅपटॉप झाकणाच्या डब्यात ठेवा, छत्रीच्या भरवशावर राहू नका. वारा छत्री उलटी करतो. इथल्या बायका शेतात इरलं किंवा प्लॅस्टिकची खोळ घेतात, ते उगाच नाही.

आता राष्ट्रीय सेवा योजना. ही योजना १९६९ पासून देशभर आहे आणि पुण्यातल्या कॉलेजांतही आहे. वर्षाला १२० तासांचं काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर, हे सगळीकडे सारखंच. फरक इतकाच की आमचं शिबिर ज्या वाडीत झालं ती वर्गातल्याच दोघांची वाडी होती, त्यामुळे काम उरकून फोटो काढून निघायची सोय नव्हती. ओढ्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती-वाळू, दाभण आणि सुतळी, एवढंच सामान. गोणी तोंडापर्यंत भरायची नाही. पाऊण भरली की ती चपटी बसते, गच्च भरली की गोल राहते आणि दोन गोण्यांच्या फटीतून पाणी निघून जातं. तोंड शिवायचं, वरच्या थरातली गोणी खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर ठेवायची आणि पाण्याच्या बाजूने चिकण माती थापायची. तिसऱ्या दिवशी पाणी गुडघ्याला लागलं. चौथ्या दिवशी आम्ही पोचायच्या आत बायका तिथे कपडे धूत होत्या आणि एक गोणी सरकली म्हणून आम्हालाच ओरडत होत्या. दुपारच्या बौद्धिकाला निम्मं शिबिर झोपलेलं असायचं, वक्त्यांनीही मनावर घेतलं नाही.

सगळ्यात जपलेली परंपरा म्हणजे ज्योत. १९ फेब्रुवारीच्या पहाटे अंधारात तोरण्यावर चढायचं, मेंगाईच्या देवळापाशी ज्योत पेटवायची आणि कॉलेजपर्यंत धावत आणायची. तोरणा सुमारे १,४०० मीटर उंच. बिनी दरवाजाच्या खालच्या कातळात दोन्ही हात कठड्याला लागतात, त्यामुळे तिथे ज्योत कंदिलातून उतरवतात आणि पायथ्याला मशाल पेटवतात. मशाल वारा जिकडे जातो त्या बाजूला, अंगापासून लांब धरायची, नाहीतर धूर डोळ्यांत आणि तेल मनगटावर. म्हणून मनगटाला ओलं फडकं गुंडाळतात. मागे पिकअप, त्यात तेलाचा डबा, चिंध्या आणि दमलेली मंडळी. मुलींनी धावायचं की नाही यावर पूर्वी म्हणे बरीच चर्चा व्हायची. आता मुलंच पुरत नाहीत, तेव्हा चर्चा आपोआप मिटली. चढावाचा तुकडा माझ्या वाट्याला आला. मी धावले त्यापेक्षा चालले जास्त, पण मशाल खाली आणली नाही. तिथीची शिवजयंती वेगळी, फाल्गुन वद्य तृतीयेची. ती गाव करतं, आणि तेव्हाही बोलावणं आम्हालाच.

स्नेहसंमेलनात शेलापागोटे असतात, म्हणजे एकमेकांना टोमणे मारणाऱ्या चिठ्ठ्या. मोठ्या कॉलेजात चिठ्ठी कोणी लिहिली ते कळत नाही, म्हणून लोक वाटेल ते लिहितात. इथे अक्षर बघून पहिल्या ओळीला कळतं. त्यामुळे टोमणा नेमका असतो, पण जखम होईल असा नसतो. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या शेजारी बसून जेवायचं असतं. साडी डेला मेसच्या मावशींनी आम्हा पाच जणींना रांगेत उभं करून नेसवलं आणि निऱ्या नीट येईनात म्हणून पाचही जणींचा उद्धार केला.

याची दुसरी बाजू मात्र जड आहे. दुपारी टपरीवर कोणाशी बोललात ते संध्याकाळी मेसमध्ये माहीत असतं. दोन दिवस गप्प राहिलात तर चौघी विचारायला येतात. ते कधी बरं वाटतं, कधी नकोसं. एकटं राहायची ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी हा मुद्दा हलक्यात घेऊ नये.

आणि अभ्यासाचं खरं सांगायचं तर आमच्याकडे काही विषय तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. चांगले असतात, पण सत्राच्या मधेच दुसरीकडे कायमची जागा मिळाली की जातात, आणि त्यात त्यांची चूक काढता येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात विषय निवडायची मुभा आहे, पण कागदावर दहा पर्याय असले तरी शिकवायला माणूस दोनच विषयांना असतो. ग्रंथालयात संदर्भग्रंथाची एकच प्रत, ती कोणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे मिळते. नेटवर्क पाण्याच्या टाकीपाशी. स्पर्धा परीक्षेचं म्हणाल तर वाचन झालं, सराव चाचण्यांसाठी मात्र पुण्याला यावं लागलं. विज्ञान शाखा हवी असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

जेवण साधं आणि पोटभर. रात्री भात, आमटी, आठवड्यातून दोनदा पिठलं-भाकरी. शहरातल्या मेसपेक्षा स्वच्छ. तिखट जास्त.

पाचपैकी साडेतीन तारे. ज्यांना पुढे यायला कोणीतरी ढकलावं लागतं, पण गर्दीत ढकलणारं कोणी सापडत नाही, त्यांच्यासाठी साडेचार. ज्यांचा विषय ठरलेला आहे आणि त्यासाठी चांगले शिक्षक, प्रयोगशाळा, क्लास हवेत, त्यांच्यासाठी दोन. प्रवेश घ्यायचा विचार असेल तर मे महिन्यात येऊन बघू नका, तेव्हा सगळंच कोरडं आणि मोकळं असतं. जुलैच्या मध्यात या, सोबत पालकांना आणा आणि ऑफिसात तीन गोष्टी विचारा: तुमच्या विषयाला कायमस्वरूपी शिक्षक आहे का, मुलींच्या वसतिगृहाला रात्री राहणाऱ्या बाई आहेत का, आणि लाइट गेल्यावर पाणी चढवायची काय सोय आहे.