सर्टिफाइड आलिशान गाडी: कंपनीचा शिक्का, डीलरचा शिक्का की बिनशिक्क्याची?

तीन-चार वर्षे वापरलेली जर्मन सेडान किंवा ब्रिटिश एसयूव्ही घ्यायची ठरली की समोर तीन वाटा असतात. पहिली म्हणजे अधिकृत डीलरकडची, कंपनीच्या स्वतःच्या योजनेतून प्रमाणित झालेली गाडी. दुसरी, एखाद्या डीलरने आपणच तपासून ‘सर्टिफाइड’ म्हणून उभी केलेली. तिसरी, कुठलाच शिक्का नसलेली, पण तपासणीचे पैसे तुम्ही खिशातून भरलेली. पहिल्या दोन वाटांवर जाहिरातीचे शब्द जवळजवळ सारखे असतात. कागद सारखे नसतात, आणि फसगत तिथेच होते.

तुलनेआधी एक हिशेब. आलिशान गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते, म्हणून तर ती आवाक्यात येते. तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र उतरत नाही. एअर सस्पेन्शनचा स्ट्रट, अडॅप्टिव्ह हेडलाइट, गिअरबॉक्स चालवणारे इलेक्ट्रॉनिक (मेकॅट्रॉनिक) युनिट हे सगळे नव्या गाडीच्याच भावात मिळते. गाडी अर्ध्या किमतीत आली तरी दुरुस्तीचे बिल पूर्ण किमतीचे येते. त्यामुळे सर्टिफाइड गाडीसाठी वरचे पैसे मोजता, ते खरे तर वॉरंटीचे असतात. बाकी चकचकीतपणा डीटेलिंगवाला एका दिवसात करून देतो.

कंपनीचा शिक्का

पोर्शच्या योजनेत १११ मुद्द्यांची तपासणी होते, काही कंपन्यांची यादी याहून कितीतरी लांब असते. आकड्याला भुलू नका. खिडकीची काच खालीवर होते की नाही हा एक मुद्दा आणि टायमिंग चेन खडखडते का हाही एकच मुद्दा. तपासणारा तंत्रज्ञ विक्रेत्याच्याच पगारावर असतो, हे वेगळे सांगायला नको. ब्रेक पॅड आणि टायर यांना ठरलेली किमान मर्यादा असते. तिच्या जेमतेम वर असले तरी गाडी पास होते आणि काही महिन्यांत खर्च तुमच्या गळ्यात पडतो.

सर्टिफाइड म्हणजे अपघात न झालेली, हा सर्वांत मोठा गैरसमज. सांगाड्यालाच मार बसलेली गाडी सहसा बाद होते, पण दार, फेंडर, बंपर बदलून रंगवलेली गाडी बहुतेक योजनांत चालते. रंगाची जाडी मोजायचे छोटे यंत्र स्वस्तात मिळते. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या पॅनलवर आकडा दुपटीवर गेला तर तिथे पुन्हा रंग चढला आहे, आणि कित्येक पटींनी वाढला तर खाली पुट्टी आहे. यंत्र अ‍ॅल्युमिनियमवरही चालणारे घ्या, कारण जॅग्वार, लँड रोव्हर आणि मोठ्या ऑडींमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे असतात. लोहचुंबक लावून पुट्टी शोधायची जुनी युक्ती तिथे कामाची नाही.

रिकॉलची, म्हणजे दोष सापडल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावून करायची कामे झालेली असतील असेही धरून चालू नका. २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जनरल मोटर्स आणि दोन डीलर-समूहांवरचे प्रकरण तडजोडीने मिटवले. तक्रार अशी होती की ‘कसून तपासलेल्या’ म्हणून जाहिरात केलेल्या काही गाड्यांत सुरक्षेची रिकॉल दुरुस्ती बाकी होती आणि ग्राहकाला ते नीट सांगितलेले नव्हते. तेव्हा १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगच्या रिकॉलमध्ये बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजच्याही गाड्या होत्या.

आणखी एक गोष्ट शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. ‘जेमतेम चाललेली’ सर्टिफाइड गाडी पुष्कळदा डीलरचीच डेमो किंवा ग्राहकांना तात्पुरती द्यायची गाडी असते. थंड इंजिन ताणणारे कितीतरी हात तिच्यावरून गेलेले असतात. तिची मूळ वॉरंटी गाडी पहिल्यांदा वापरात आली त्या दिवसापासून मोजली जाते. तुम्ही विकत घेतली त्या दिवसाला तिथे महत्त्व नाही.

एवढे ऐकवूनही सांगतो, तीन वाटांत कंपनीचा शिक्काच सर्वांत भरवशाचा. मोठा बिघाड झाला तर पैसे कंपनीच्या योजनेतून येतात, आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडेही काम करून घेता येते.

डीलरचा शिक्का

इथे मी फार वेळ घालवणार नाही. वॉरंटी एखाद्या तिसऱ्याच संस्थेची असते, दाव्याला वरची मर्यादा असते, आणि ‘इंजिन व गिअरबॉक्स कव्हर’ म्हणजे आतले तेलात बुडालेले भागच, सेन्सर, टर्बोचे पाइप, वॉटर पंप वगळून. किंमत कंपनीच्या शिक्क्याएवढी आणि संरक्षण बिनशिक्क्याच्या गाडीपेक्षा थोडेसे बरे. ओळखायची खूण सोपी: वॉरंटीच्या कागदावर गाडी बनवणाऱ्या कंपनीचे नाव हमी देणारी म्हणून छापलेले आहे का? नुसते चिन्ह छापलेले असेल तर ते धरू नका.

बिनशिक्क्याची

पैसे वाचतात, जोखीम सगळी तुमची. ही वाट त्या विशिष्ट कंपनीच्या गाड्या रोज उघडणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिकशिवाय धरू नका, सर्वसाधारण गॅरेज इथे पुरत नाही. त्याने काय बघावे? इंजिन रात्रभर थंड राहिलेले असताना पहिला स्टार्ट, कारण चेनचा खडखडाट आणि निळा धूर तेव्हाच पकडता येतो. तुम्ही पोचायच्या आत गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या. मग लिफ्टवर चढवून खालचा पत्रा काढून तेलाची गळती बघायची.

स्कॅनर लावला आणि एकही एरर निघाला नाही, यावर लगेच खूश होऊ नका. एरर आदल्या दिवशी पुसलेले असू शकतात. पुसले की गाडीच्या अंतर्गत स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसू लागतात आणि बरेच अंतर चालल्यावरच पूर्ण होतात. स्वच्छ स्कॅन आणि अपूर्ण चाचण्या एकत्र दिसल्या तर गाडी तिथेच सोडा. मीटर मागे फिरवल्याचा संशय असेल तरी स्कॅनर कामी येतो, कारण पुष्कळ गाड्यांत धावलेले अंतर एकापेक्षा जास्त मॉड्यूलमध्ये, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांत, नोंदलेले असते आणि फिरवणारा सगळीकडे पोचतोच असे नाही.

टायर चारही बघा. बाजूच्या भिंतीवर डॉट कोडचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३२१ असेल तर २०२१ चा तेविसावा आठवडा. एक्सड्राइव्ह किंवा क्वाट्रोसारख्या चारचाकी ड्राइव्हच्या गाडीला पुढे एका कंपनीचे झिजलेले आणि मागे भलत्याच कंपनीचे नवे टायर असतील तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण आलेला असू शकतो. शिवाय टायरवर पैसे वाचवणाऱ्या मालकाने गिअरबॉक्सचे तेल बदलले असेल का, हाही प्रश्न आहेच. बीएमडब्ल्यू, ऑडी, जॅग्वारमध्ये सर्रास बसणाऱ्या झेडएफ या जर्मन कंपनीच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभराचे’ म्हणून सांगितले जाते, पण झेडएफचा स्वतःचा सल्ला ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ते बदलण्याचा आहे.

ही तपासणी कंपनीच्या शिक्क्याच्या गाडीवरही करून घ्यावी. डीलरने गाडी बाहेर न्यायला नकार दिला तर का, ते विचारा. उत्तर नीट मिळाले नाही तर विसार देऊ नका.

वॉरंटीचा कागद

निर्णय खरा इथे होतो. माहितीपत्रक घेऊन घरी येऊ नका, पूर्ण अटींचा मसुदा मागा. काही वॉरंट्या ‘हे हे भाग कव्हर’ अशी यादी देतात, काही ‘हे सोडून बाकी सगळे कव्हर’ असे म्हणतात. दुसरी केव्हाही चांगली, कारण यादीत नाव नसलेला भाग कुणाच्या खर्चाचा, हा वाद तिथे उरत नाही. एअर सस्पेन्शन, पॅनोरमिक छत, स्क्रीन आणि कॅमेरे कुठल्या बाजूला आहेत ते बोट ठेवून विचारा.

मुदत कधी सुरू होते? काही योजनांत मूळ वॉरंटी संपल्यावर, काहींत विक्रीच्या दिवशी. दुसऱ्या प्रकारात मूळ वॉरंटीचे उरलेले महिने तुम्हाला दोनदा विकले जातात.

‘प्रमाणात आहे’ या डीलरच्या ठरावीक उत्तरावरचा तोडगाही कागदात शोधून ठेवा. बीएमडब्ल्यूच्या एन६३ या व्ही८ इंजिनात टर्बो दोन्ही सिलिंडर-रांगांच्या मधोमध बसवलेले आहेत. तिथे उष्णता साठते, आणि सुरुवातीची इंजिने तेल खाण्याबद्दल बदनाम झाली. कंपनीला २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत त्यासाठी खास ग्राहक-मोहीम काढावी लागली. अशा इंजिनाने अमुक अंतराला किती तेल खाल्ले तर तो बिघाड, हा आकडा लेखी नसेल तर तुमच्या तक्रारीवर ‘प्रमाणात आहे’ एवढेच ऐकायला मिळेल.

आधीच्या मालकाने इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली असेल तर भुर्दंड तुम्हाला. फोक्सवॅगन-ऑडी समूहाच्या संगणकात अशा गाडीवर ‘टीडी१’ ही खूण पडते आणि मग इंजिन-गिअरबॉक्सचे वॉरंटी-दावे नाकारले जातात. ऑडी घेताना ही खूण नाही, असे डीलरकडून लिहून घ्या.

मग कुठली घ्यावी?

व्ही८, एअर सस्पेन्शन किंवा प्लग-इन हायब्रिड असेल तर कंपनीचा शिक्का, आणि तोही ‘हे सोडून सगळे’ प्रकारची वॉरंटी असेल तरच. चार सिलिंडर, साध्या स्प्रिंगा, एकच मालक आणि सर्व्हिसची सलग नोंद असेल तर मी बिनशिक्क्याची घेईन आणि वाचलेले पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवीन. ते बाजूला ठेवणे जमणार नसेल तर त्याच पैशात येणारी नवी साधी गाडी बरी. विद्युत गाडीचे गणित निराळे. बीएमडब्ल्यू आणि ऑडीसारख्या कंपन्या मुख्य बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची मूळ वॉरंटी देतात आणि ती गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते. तिथे शिक्क्यासाठी जादा मोजण्याआधी बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा अहवाल मागा.

शिक्क्याची गाडी घेतलीत तर वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी ती त्याच स्वतंत्र मेकॅनिककडे लिफ्टवर चढवा. तोवर झिरपू लागलेले सील आणि ढिले झालेले बुश डीलरच्या पुढ्यात लेखी ठेवा, आणि तक्रारीची तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.