चित्तरंजन की मधेपुरा?

मालगाडीचं इंजिन बघून कारखाना ओळखायचा असेल तर चाकं मोजा. दोन खोकी कायमची जोडलेलं, आठ आसांचं लांबलचक डब्ल्यूएजी-12 म्हणजे बिहारचं मधेपुरा. सहा आसांचं डब्ल्यूएजी-9 बहुधा बंगालातल्या चित्तरंजनचं. बहुधा, कारण वाराणसीतही ती बनतात.

मधेपुऱ्यात अल्स्टॉम या फ्रेंच कंपनीचा वाटा 74 टक्के, रेल्वेचा 26. करार 800 इंजिनांचा, प्रत्येक 12 हजार अश्वशक्तीचं, म्हणजे डब्ल्यूएजी-9 च्या जवळपास दुप्पट. एक खोकं रुसलं तरी दुसरं गाडी ओढत राहतं. देखभालीचं एक केंद्र आपल्या नागपुरात. निव्वळ ताकदीत चित्तरंजन इथे हरलं, वाद नको.

पण मुंबईकराला चित्तरंजनचा लळा असायलाच हवा. 1950 पासून वाफेची इंजिनं बांधणाऱ्या या सरकारी कारखान्यातून 1961 मध्ये पहिलं विजेचं इंजिन निघालं, ते आपल्याकडच्या 1500 व्होल्ट डीसी तारांसाठी. नाव 'लोकमान्य'! (गिरगावकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) ती डीसी गेली, 25 हजार व्होल्ट एसी आली, तरी सीएसएमटीला लांब पल्ल्याच्या गाडीपुढे दिसणारं डब्ल्यूएपी-7 हे चित्तरंजनचंच घराणं.

कसारा घाटात 37 फुटांना एक फूट चढ आहे. तिथे गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, तेव्हा अश्वशक्तीचा मोह पडतो खरा. तरीही एकच कारखाना निवडायचा तर मी चित्तरंजन निवडेन: मधेपुरा फक्त मालगाडीचं बघतं, चित्तरंजन प्रवाशांचंही.