इंद्रायणीतल्या वह्या: इतिहासकाराने निवाडा द्यावा का?

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इतिहासकारापुढे इथे दोन वाटा आहेत.

एक म्हणजे, चमत्कार खरा की खोटा हा प्रश्नच बाजूला ठेवायचा. कोणी, कधी, काय सांगितलं एवढंच बघायचं. ही वाट वाटते तितकी पळपुटी नाही, कारण हाती बरंच लागतं. तेरा दिवसांचा उपवास आणि 'उदकीं राखिले कागद' हे खुद्द गाथेतल्या अभंगांत येतं. म्हणजे ही गोष्ट शंभरेक वर्षांनी संतचरित्रकार महिपतींनी रचली, असं म्हणता येत नाही. महिपतींनी ती फुलवली, एवढं खरं. आणि शूद्राने वेदार्थ सांगितला म्हणून झालेला छळ तर चमत्काराशिवायही शाबूत राहतो.

दुसरी वाट म्हणजे सरळ निकाल देणं: कागद पाण्यात टिकत नाही, सबब घडलं नाही. मग कोणी म्हणतं, लोकांच्या तोंडी असलेले अभंग पुन्हा उतरवून घेतले. पटण्यासारखं आहे, पण पुरावा? त्याचीही बोंबच.

मला पहिली वाट जवळची, पण एका अटीवर. वैकुंठगमनाबद्दल (१६४९ की १६५०, इथेही वाद) तुकोबांचा खून झाला असं कोणी म्हणालं, तर इतिहासकाराला 'श्रद्धेचा विषय' म्हणून हात झटकता येणार नाहीत. तिथे साक्षी तपासाव्याच लागतात.