फायबरचं प्लास्टर लहान मुलांच्या हातासाठी: घ्यावं का, कधी घ्यावं

वस्तू म्हणून फायबरचं प्लास्टर चांगलं आहे आणि परवडत असेल तर घ्यावं. पण पहिल्याच दिवशी नको, आणि 'वॉटरप्रूफ' या शब्दावर भुलून तर मुळीच नको.

संक्रांतीला गच्चीवर पतंगामागे धावताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत झाडावरून किंवा सायकलवरून मूल पडतं ते हात टेकवूनच. म्हणून मनगट, पुढचा हात आणि कोपर ही मोडायची नेहमीची ठिकाणं. आमच्या नागपुरात मेडिकल असो, मेयो असो (ही दोन सरकारी रुग्णालयं) की धंतोली-रामदासपेठेतलं खासगी हॉस्पिटल, एक्स-रे झाला की पालकांपुढे प्रश्न येतो, "साधं करायचं की फायबरचं?" खरं तर त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आज कच्चं प्लास्टर पुरे आहे का?

ताज्या मोडीत पहिले दोन-तीन दिवस सूज वाढत जाते. कच्चं प्लास्टर म्हणजे हाताच्या एका बाजूला पट्टी आणि वरून क्रेप बँडेज. सुजेला फुगायला जागा राहते. त्याच दिवशी चारी बाजूंनी फायबर गुंडाळलं तर सूज आत कोंडते, कारण फायबर साध्या प्लास्टरसारखं भिजवून सैल करता येत नाही. सूज उतरली की पक्कं, म्हणजे चारी बाजूंनी बंद, प्लास्टर करावं. काही कारणाने पहिल्या दिवशीच पक्कं करावं लागलं, तर ते लांबीला चिरून ठेवलेलं बरं.

फायबरची पट्टी म्हणजे काचतंतूंच्या जाळीत मुरवलेलं पॉलियुरेथेन. पाणी लागलं की तीन ते पाच मिनिटांत कडक होतं आणि अर्ध्या तासात पूर्ण ताकद येते. साध्या प्लास्टरला पूर्ण वाळायला एक ते तीन दिवस लागतात, तोवर दाबलं की खळगा पडतो. फायबर वजनाला हलकं, सहज फुटत नाही, आणि त्यातून एक्स-रेही स्वच्छ दिसतो. खर्च मात्र साध्याच्या कित्येक पट. मनगटाचं हाड एका बाजूला नुसतं दबलेलं असेल, तर हा खर्च बहुतेक वेळा अनावश्यक असतो. काढता-घालता येणारा स्प्लिंट (आधाराची पट्टी) तीन आठवडे पुरतो.

फायबर चांगलं की वाईट हे ठरतं त्याच्या आतल्या कापसावर. आधी अंगाला लागून होजियरीची नळी, तिच्यावर कापसाचे दोन-तीन थर, आणि कोपराचं टोक व मनगटाचं वर आलेलं हाड इथे जास्तीचा थर. कापूस कमी पडला तर तिथेच जखम होते, फार जाड झाला तर सूज उतरल्यावर हात आत खेळतो आणि बसवलेलं हाड सरकतं. लहान मुलाला सहसा २ इंची रोल लागतात, मोठ्या मुलाच्या दंडाला ३ इंची. एक रोल साधारण ३.६ मीटरचा. पाकीट फोडण्याआधी दाबून पाहावं: आतला रोल मऊ लागला तर ठीक, खडखडीत लागला तर हवा शिरून तो आधीच कडक झालाय, परत करावा.

गुंडाळणाऱ्याने पट्टी ताणू नये, नुसती लोळवत न्यावी. फायबर लवचिक असतं. ताणून गुंडाळलं की ते पुन्हा आखडायला बघतं आणि हात आवळतो. कोपर ज्या कोनात ठेवायचं, त्या कोनात कापूस गुंडाळण्याआधीच धरावं. नंतर वाकवलं तर कोपराच्या खळगीत घडी पडते आणि ती रुतत राहते. आकार द्यायचा तळहाताने, बोटांनी नाही. आणि पुढच्या हाताचं प्लास्टर नळीसारखं गोल दिसलं तर शंका घ्यावी. ते थोडं चपटं हवं. बाजूने घेतलेल्या एक्स-रेतली मोडीजवळची आतली रुंदी भागिले समोरून घेतलेल्या एक्स-रेतली रुंदी, हा आकडा ०.८ च्या आत असावा. त्यापुढे गेला तर हाड सरकण्याची शक्यता वाढते. म्हणूनच सातव्या-दहाव्या दिवसाचा एक्स-रे चुकवू नये.

आता नागपूरपुरती एक गोष्ट, जी पाकिटावर लिहिलेली नसते. फायबर कडक होताना स्वतः तापतं. पाणी जितकं गरम तितकं ते लवकर कडक होतं आणि जास्त तापतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी हात पोळेल इतकं गरम असतं, आणि प्लास्टर रूमच्या बादलीत तेच येतं. माठातलं किंवा रात्रभर घरात भरून ठेवलेलं गार पाणी वापरावं. प्लास्टर कडक होईपर्यंत हाताखाली उशी ठेवू नये, उष्णता खालच्या बाजूला कोंडते. मूल "भाजतंय" म्हणालं तर त्याला गप्प करू नये. त्या क्षणी तपासावं.

वॉटरप्रूफ असतं ते फक्त बाहेरचं कवच. आतला कापूस भिजतो, आणि बंद कवचात तो वाळत नाही. मग कातडी पांढरी पडून सोलते आणि वास येतो. त्यामुळे आंघोळ ओल्या फडक्याने पुसून, किंवा हात वर धरून प्लास्टिकच्या पिशवीत. दुकानात रबरी तोंडाची कव्हरं मिळतात. कामाची आहेत, पण मुलाच्या दंडाला तोंड करकचून बसत असेल तर दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. कूलरसमोर बसायला हरकत नाही, घाम कमी येतो, फक्त शिंतोडे उडतात तिथे हात नको. खाज सुटली तर हेअर ड्रायरची थंड हवा किंवा वरून टिचक्या. फूटपट्टी, पेन्सिल, विणकामाची सुई आत घातली की ओरखड्यातून जखम पिकते. पावडर टाकली तर घामाने तिचे गोळे होतात. फायबरची कड खरखरीत असते, म्हणून नळीचं टोक कडेवरून बाहेर दुमडलेलं आहे ना, हे घरी निघण्याआधीच पाहावं. बोटं मुळापासून पूर्ण वाकली पाहिजेत.

पहिले दोन दिवस हात छातीच्या वर, उशीवर. औषध देऊनही ठणका वाढतोय, मूल चिडचिड करतंय, बोटं सरळ केली की किंचाळतंय, बोटं गार, निळी किंवा बधिर झालीत, यातलं काहीही असलं तर सकाळची वाट बघू नये. प्लास्टर आतल्या कापसासकट वरपासून खालपर्यंत चिरावं लागतं. काही तासांचा उशीर स्नायू मारतो आणि हात कायमचा आखडतो. हाडवैद्याकडची करकचून बांधलेली कामटीही हेच करते, म्हणून हे पोटतिडकीने सांगतोय.

काढायचं मशीन गोल फिरत नाही, थरथरतं. पण पातं फायबरवर लवकर तापतं. ते वर-खाली टेकवत न्यायचं असतं, ओढत नाही. मधे थांबून थंड करायचं. मूल सर्वात जास्त घाबरतं ते आवाजाला, म्हणून कान झाकावेत. कोपराच्या वरच्या मोडीला तीन-चार आठवडे लागतात, हाड धरून ठेवायला तारा घातल्या असतील तर त्या त्याच सुमाराला निघतात; पुढच्या हाताची दोन्ही हाडं मोडली असतील तर सहा आठवड्यांच्या आसपास.

आतून निघणारा हात बारीक, कोरडा आणि केसाळ दिसतो. कोमट पाणी आणि हलकं खोबरेल तेल पुरे. मालिश नको, कोपर ओढून सरळ करणं तर अजिबात नको. त्याने स्नायूत हाड धरतं आणि कोपर जास्तच आखडतं. मूल खेळता खेळता हात आपोआप सोडवतं, पूर्ण सरळ व्हायला काही महिने लागले तरी चालतं. पुढच्या हाताची मोड असेल तर पहिले काही महिने पुन्हा तिथेच मोडायची भीती असते, म्हणून झाडावर चढणं आणि उड्या थांबवाव्यात. मोड ग्रोथ प्लेटमधून (हाड जिथून वाढतं तो टोकाजवळचा मऊ थर) गेली असेल तर सहा महिन्यांनी आणि वर्षाने दोन्ही हातांचा एक्स-रे काढून वाढ सारखी आहे का ते बघायचं. ती तारीख प्लास्टर काढलं त्याच दिवशी फाईलवर लिहून घ्यावी.