फ्लॉरेन्समध्ये स्वस्तात बाहेर खाणं : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

शिकायला म्हणून सप्टेंबरात इथे आले. सहा जणींत एकच स्वयंपाकघर, त्यामुळे आठवड्यातून चार-पाचदा बाहेर खाणं होतंच. मी शाकाहारी आहे.

पहिल्याच आठवड्यात ड्युओमोसमोरच्या (इथलं मुख्य कॅथेड्रल) एका ठिकाणी साधा पास्ता खाल्ला. बिलात माणशी ३ युरो 'कोपेर्तो', म्हणजे नुसतं टेबलावर बसल्याचे पैसे, शिवाय पाण्याच्या बाटलीचे वेगळे. हा आकार मेन्यूकार्डावर छापलेला असतो. आता पदार्थांच्या आधी मी तोच बघते. कॉफी कायम काउंटरवर उभ्यानेच घ्यावी. दीड युरोच्या आत मिळते. चौकातल्या खुर्चीवर बसलं की तिप्पट.

सान लोरेन्झोच्या बाजाराचा वरचा मजला २०१४ पासून खाण्याच्या स्टॉल्सचा आहे. रात्रीही उघडा असतो, पाहुण्यांना न्यायला उत्तम, पण रोजच्या खिशाला जड. माझा बाजार सांत आंब्रोज्यो. तिथे दुपारी आतल्या छोट्या खाणावळीत पहिल्यांदा रिबोलिता खाल्ली आणि थेट घर आठवलं. रिबोलिता म्हणजे पुन्हा उकळलेली. आदल्या दिवशीचं भाज्यांचं सूप, पांढरे घेवड्याचे दाणे, काळपट पानांचा कोबी आणि शिळा पाव, सगळं मिळून येईपर्यंत शिजवलेलं, वरून ऑलिव्ह तेलाची धार. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ही चव समजावून सांगावी लागत नाही. इथला पाव मुळातच अळणी असतो. नुसता खाल्ला तर बेचव लागतो, सुपात मात्र त्याचं सोनं होतं. थंडीचे तीन महिने मी यावरच काढले. फक्त मांसाचं पाणी घातलंय का, हे दर वेळी विचारा. काही जण घालतात.

रूममेट गाडीवरचा लाम्प्रेदोत्तोचा पाव पाचेक युरोत खाते. ते गाईचं चौथं जठर असतं, तेव्हा बीफ न खाणाऱ्यांनी नाव लक्षात ठेवावं. माझ्यासाठी चेचीना आहे: हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं जाड धिरडंच, वर मिरपूड.

व्हिया देई नेरी या रस्त्यावरचे स्कियाच्चाताचे, म्हणजे इथल्या चपट्या पावाचे, सँडविच मोठे असतात, एकात दोघींचं भागतं. पण २०१८ मध्ये नगरपालिकेने त्या रस्त्यावर जेवणाच्या वेळांत फुटपाथवर बसून खाण्यावर दंड लावला होता. म्हणून आम्ही ते बांधून घेऊन नदीकाठी जातो.

आता टोमॅटो चांगले यायला लागलेत. बाजारातल्या मावशींनी सांगितलंय, पुढच्या आठवड्यापासून पान्झानेल्ला करणार. तोच शिळा पाव, पण थंड, काकडी-कांदा घालून.