भावना ओळखायच्या कार्डांचा बॉक्स : प्रसंगांची कार्डं मस्त, चेहऱ्यांची यथातथाच

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायला नको. घ्यायला हरकत नाही, पण ज्या चेहऱ्यांच्या कार्डांचे फोटो टाकून हा बॉक्स विकतात ती बाजूला ठेवा आणि खाली दबलेली प्रसंगांची कार्डं वापरा, खरा माल तिथे आहे. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण असे बॉक्स बऱ्याच जणांचे येतात आणि सगळे साधारण एकाच साच्यातले असतात.

मी छोट्यांच्या वर्गावर असते त्यामुळे एक सेट वर्गात आणि तोच घरी माझ्या पोरावर असा दोन्हीकडे वापरून झालाय. आत काय काय येतं, तर चेहऱ्यांच्या फोटोंची कार्डं, प्रसंगांची कार्डं, एक न फुटणारा छोटा आरसा, पालकांसाठी पुस्तिका आणि झाकणावर क्यूआर कोड, तो स्कॅन केला की व्हिडिओ. वय लिहिलंय 3 ते 7.

चेहऱ्यांपासून सुरू करते. आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस, हे सहाच. फोटो क्लिअर आहेत, वेगवेगळ्या वयाची माणसं आहेत, नुसती गोंडस बाळंच नाहीत, ते आवडलं. पण सगळे चेहरे नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत दिसावेत असे केलेत. रागावलेला माणूस म्हणजे दात ओठ खाऊन, भुवया गच्च आवळून. आता मला सांगा, तुम्ही पोरावर चिडता तेव्हा दर वेळी असा चेहरा होतो का? माझा तर आवाज उलट खाली येतो आणि चेहरा सपाट होतो, आणि पोराला ते बरोब्बर कळतं. 2019 मध्ये मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचं आधीचं ढीगभर संशोधन तपासून हेच मांडलं की माणसं रागात असताना तो ठरलेला रागीट चेहरा करतात त्यापेक्षा करत नाहीत असं जास्त वेळा होतं, आणि तसा चेहरा राग नसतानाही होतो, उदा. कशात तरी डोकं घातलंय किंवा एखादी गोष्ट डोक्यात शिरत नाहीये तेव्हा. आमच्या वर्गात एक पोरगा चित्र काढताना कपाळाला इतक्या आठ्या घालतो की कार्डं पाठ झालेल्या दुसऱ्या पोराने जाहीर केलं, टीचर हा रागावलाय. तो रागावला नव्हता हो, गाडीचं चाक गोल येत नव्हतं एवढंच.

भीती आणि आश्चर्य या दोन कार्डांवर तर रोज भांडण. डोळे मोठे, भुवया वर, तोंड उघडं, फरक काय तो ओठांच्या ताणात आणि भुवया मधे ओढल्यात की नाहीत त्यात, आणि एवढं बारीक कोण बघणार. मुलांना येत नाही म्हणून नाराज होऊ नका. हे सहा चेहरे जगभर सारखे ओळखले जातात अशी जी मांडणी आहे ती पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांच्या पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमधल्या कामावरून गाजली, 1971 चा पेपर, तर त्यातही गोष्ट ऐकवून फोटो निवडायला सांगितल्यावर भीतीचा चेहरा आणि आश्चर्याचा चेहरा लोकांना वेगळा काढता आला नव्हता. पुस्तिकेत एकमनचं नाव दोनदा आलंय, हे मात्र कुठे नाही.

आणि मला सगळ्यात खटकलं ते हे की लहान मुलांच्या वर्गात दिवसभर जे दिसतं तेच यात नाही. रुसलेलं पोर नाही, लाजलेलं नाही, हिरमुसलेलं नाही, ‘मला पण घ्या ना खेळायला’ असं मनात ठेवून लांब भिंतीला चिकटून उभं राहिलेलं तर नाहीच नाही. किळस आहे! किळस ओळखायला कार्ड लागतं होय कुणाला.

आता प्रसंगांची कार्डं. ही कमी आहेत पण काय सुंदर केलीत. पूर्ण अंग दिसतं, आजूबाजूची माणसं दिसतात, आणि काही कार्डांवर चेहरा मुद्दाम झाकलाय किंवा माणूस पाठमोरा आहे. एका कार्डावर दोन मुली ठोकळ्यांचा मनोरा रचतायत आणि तिसरी बाजूला उभी, तिची पाठच दिसते, पण एक पाऊल पुढे आणि हात मागे बांधलेले. मी विचारलं हिला काय वाटत असेल, तर एक म्हणाली तिला खेळायचंय, दुसरा म्हणाला तिला नको म्हटलंय, तिसरी उठून सरळ तशी उभी राहून दाखवायला लागली आणि मग म्हणाली, असं उभं राहिलं की भीती वाटते. पुढची सगळी वेळ त्याच एका कार्डावर गेली. मग तिला खेळायला घ्यायचं तर काय करायचं यावर चर्चा, बोलवायचं का, सरकून जागा करायची का, नुसता एक ठोकळा पुढे करायचा का. ठोकळा पुढे करायचा हे एरवी अजिबात न बोलणाऱ्या पोराने हात पुढे करून दाखवलं, तोंडातून शब्द नाही. यासाठी पैसे दिले असं समजा.

आणि हे नुसतं माझ्या वर्गातलं कौतुक नाही. 2012 मध्ये सायन्स जर्नलमध्ये अविएझर, ट्रोप आणि टोडोरोव यांचं काम आलं होतं, टेनिसपटूंनी मोठा पॉइंट जिंकला किंवा हरला त्या क्षणाचे फोटो. नुसता चेहरा दाखवला तर लोकांना जिंकला की हरला ते सांगता येईना, नुसतं अंग दाखवलं, चेहरा न दाखवता, तर बरोबर सांगता आलं. म्हणजे चेहरा कापून वेगळा काढला की मोठ्यांचीही तारांबळ, मग चार वर्षांच्या पोराकडून काय अपेक्षा करायची.

आरसा चांगला आहे, कडा बोथट आहेत, कितीही वेळा पडला तरी शाबूत. पण पोराला एकट्याला आरसा देऊन ‘दुःखी चेहरा कर’ म्हणण्यात काही राम नाही, ते पाच मिनिटांत जीभ काढून दाखवायला लागतात. त्यापेक्षा दोघांनी समोरासमोर बसा, तुम्ही चेहरा करा त्याने ओळखावं, मग उलट. मुलं आधीपासून तुमच्याच चेहऱ्यावरून जग वाचत असतात. 1985 चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, सॉर्स आणि इतरांचा, वर्षभराच्या बाळांना काचेच्या अशा टेबलावर सोडलं जिथे पुढे काचेखाली खोलगट पायरी दिसते, पलीकडे आई. आई हसली तर 19 पैकी 14 बाळं ओलांडून गेली, आईने घाबरलेला चेहरा केला तर 17 पैकी एकही नाही. एक शब्द न बोलता. असा चेहरा घरात फुकट उपलब्ध असताना बॉक्समधला फोटो कशाला.

पुस्तिकेबद्दल मात्र माझं डोकं फिरलंय. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात, संवादाचा 93 टक्के भाग शब्दांविना असतो. अरे देवा, परत तेच. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या दोन प्रयोगांवरून आलेला आहे, त्यात सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून, आणि एका प्रयोगात चेहऱ्याचे फोटो जोडून, बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही एवढंच विचारलं होतं. शब्द एक सांगतायत आणि सूर दुसरंच, तेव्हा लोक कशावर विश्वास ठेवतात त्याचं ते गणित, सगळ्या संवादाचं नाही. सगळ्याचं असतं तर मी ही रिव्ह्यू मूकाभिनयात केली असती आणि तुम्हाला 93 टक्के कळली असती.

त्याच पुस्तिकेत पुढे ‘उत्तर देताना मूल डोळ्यात बघेल असा आग्रह धरा’. कृपा करून हे करू नका. मुलं अवघड प्रश्नावर छताकडे, खिडकीकडे बघतात ते लक्ष नाही म्हणून नाही, समोरचा चेहरा वाचण्यातही डोकं खर्च होतं म्हणून ते तेवढ्यापुरतं बंद करतात. ग्विनेथ डोहर्टी-स्नेडन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना नजर दुसरीकडे न्यायला शिकवलं तर उत्तरं सुधारली. वर्गात मला याचा फायदा रोज दिसतो, पोरगं वर बघतंय ना, मग गप्प राहा, दुसऱ्याला विचारायची घाई करू नका, येतं उत्तर.

व्हिडिओ एकदा बघितले, बरे आहेत, आवाज गोड आहे, बास. बॉक्सवर 3 वर्षं लिहिलंय तरी लोक धाकट्याला पण समोर बसवतात म्हणून सांगते, पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 च्या अभ्यासात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन (चिनी भाषा) ऐकवलं, समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांनी त्यातले आवाज पकडले, तेच टीव्हीवर बघितलेल्यांनी काही नाही.

अजून एक, खोक्यावर मागे लिहिलंय की मूल ‘मागे’ आहे का ते या कार्डांवरून कळेल. असं काही कळत नाही. बाळ बोट दाखवून ‘ते बघ’ करतं का, तुम्ही दाखवलेल्या दिशेला बघतं का, नाव घेतलं की वळतं का, हे बघायचं असतं, आणि दीड वर्षाचं झालं तरी होत नसेल तर बालविकासातल्या डॉक्टरांकडे जा. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची ऑटिझमची शक्यता तपासणारी प्रश्नावली असते ती ते भरून घेतात, तीही फक्त चाळणी असते, निदान नव्हे. कार्ड चुकलं म्हणून रात्रभर गुगल करत बसणाऱ्या आया मी बघितल्यात.

क्वालिटी म्हणाल तर कार्डं जाड आहेत पण कोपरे लगेच सुटतात, तोंडात घालणारं पोर घरात असेल तर लॅमिनेट करून घ्या. खोक्याचं झाकण आमच्याकडे कधीच गेलं, रबरबँड लावलाय. पाचपैकी तीन स्टार, त्यातले अडीच प्रसंगांच्या कार्डांचे. ती कंपनीने वेगळी, जास्त संख्येने काढली तर मी अजून एक सेट लगेच घेईन, सध्याची सगळी मुलांना पाठ झालीत आणि आता ती मनोरेवाली आली की अर्धा वर्ग आधीच ठोकळा पुढे करून बसलेला असतो.